कळीचं कधी ठरतं?

गारखेड्यात आमच्या गच्चीवर एका जुन्या ड्रममध्ये डाळिंबाचं झाड आहे. फेब्रुवारी लागला की ते कळ्यांनी लालेलाल होतं आणि मग रोज सकाळी झाडाखाली फुलं पडलेली दिसतात. मेणाची केल्यासारखी जाड, कडक फुलं. केरसुणी फिरवली की फरशीवर टकटक वाजतात. परवा समोरच्या काकू वाळवणाची जागा बघायला गच्चीवर आल्या आणि त्या सड्याकडे बघत म्हणाल्या की तुम्ही तर यातल्याच डॉक्टर, मग तुमच्याच झाडाची एवढी फुलं कशी गळतात?

मी त्यांना समजावलं. डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात. एक बुडाशी भरलेलं, सुरईसारखं, त्याचं फळ होतं. दुसरं बुडाशी निमुळतं, घंटेसारखं, ते नर फूल. परागकण उधळून ते गळून जातं, त्याचं दुःख करायचं नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गळायचंच असेल तर झाड ते लावतंच कशाला? आणि कुठलं गळणार हे त्याला कधी कळतं?" मी केरसुणी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेले. या प्रश्नावर मी डॉक्टर झाले आणि उत्तर मला अजून येत नाही, हे काकूंना सांगायची माझी तयारी नव्हती.

वर्गात मी फार ठाम असते. फळ्यावर फुलाचे चार वेढे काढते: बाहेर निदलपुंज, मग दलपुंज, मग पुमंग आणि मधोमध जायांग. मुलांना सांगते की हे चारही मुळात पानंच आहेत. जनुकांच्या तीन टोळ्या आहेत. एकटी पहिली टोळी कामाला लागली तर पानाचं निदल होतं, तिच्या जोडीला दुसरी आली तर पाकळी होते, दुसरी आणि तिसरी मिळाल्या तर पुंकेसर, आणि तिसरी एकटी उरली तर फुलाचं पोट तयार होतं. मुलं वहीत लिहून घेतात. मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते की मॅडम, टोळीला कोण सांगतं? मी म्हणते, संप्रेरकं, साखर, प्रकाश, पाणी. ती पुन्हा विचारते की त्यांना कोण सांगतं? तेवढ्यात तास संपला तर बरं वाटतं.

फुलांचा हा हंगाम आला की माझं डोकं असं गढूळ होतं. त्याला कारण बारा वर्षांपूर्वीचा एक आंबेबहार, म्हणजे डाळिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीतला बहार आहे.

देवगाव रंगारीच्या पुढं एका निवृत्त शिक्षकांची डाळिंबाची बाग होती. त्यांना सगळे नाना म्हणत. पीएचडीसाठी मला कळ्या हव्या होत्या आणि नानांनी बागेचा एक कोपरा मला देऊन टाकला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाग ताणावर होती. ताण म्हणजे पाणी तोडायचं, चांगलं महिना-दीड महिना. झाडं पानं टाकतात, काटे तेवढे उरतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की बाग गेली. मग पाणी सोडायचं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. तहानलेल्या झाडात साखर साठते, संप्रेरकांचं पारडं बदलतं, पालवीच्या ऐवजी कळी धरते. तरी त्या उघड्या काटेरी रांगांमधून चालताना मला भीती वाटली होती. झाडाला इतकं छळल्याशिवाय ते फुलत का नाही, हे मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलंही होतं. सर म्हणाले, आधी नमुने गोळा कर.

मग पाणी सुटलं आणि पंधरा-वीस दिवसांत सगळ्या बागेला तांबूस पुरळ उठलं. सकाळच्या थंडीत कळ्यांना हात लावला की त्या गार लागायच्या, दुपारी त्याच कोमट. शेजारच्या रानात शाळू निसवला होता, त्यावर पाखरं आणि पाखरांवर ओरडणारी माणसं. बागेत बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा निळसर फवारा बसलेला, त्याचा चुन्यासारखा वास माझ्या ओढणीला धुतल्यावरही यायचा. मनगटांवर काट्यांचे ओरखडे. एसटीत शेजारी बसलेल्या बायका ते बघून गप्पच व्हायच्या.

जैतूनबी त्या बागेत राखणीला होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, चष्मा नाही. गावात त्यांचं घर आणि घरात शिलाईचं यंत्र. सकाळी बाग, दुपारनंतर झंपर आणि फ्रॉक. त्यांच्या तोंडात नेहमी एखादा धाग्याचा तुकडा असायचा, कुणी बडीशेप चघळावी तसा. घरात त्या दखनी बोलत, माझ्याशी मराठी. मी त्यांना जैतूनमावशी म्हणायचे, त्या मला पोरी म्हणायच्या. माझा डबा बघून त्यांना माझी दया यायची. एवढं शिकून पोळी अशी वातड कशी, असं त्या मनापासून विचारायच्या आणि आपल्या फडक्यातली भाकरी पुढं करायच्या.

माझं काम सांगायला सोपं होतं. डाळिंबाची कळी शाळूच्या दाण्याएवढी असते तेव्हा सगळ्या सारख्याच असतात. प्रत्येकीत पुंकेसरही असतात आणि पोटही असतं. पुढं कधीतरी काहींचं पोट वाढायचं थांबतं आणि ती नर फुलं होतात. हे कधी ठरतं आणि कशावरून? माझा अंदाज असा होता की जागेवरून. फांदीच्या टोकाला एकटी बसलेली कळी फळाची आणि बगलेतल्या झुबक्यातली नर. म्हणून मी दाण्याएवढ्या कळ्या गाठून, त्यांची जागा बघून, आधीच भाकीत करत होते. फळाची वाटली तिला लाल धागा, नर वाटली तिला पांढरा. धागे मावशींच्या यंत्राच्या रिळाचे. वहीत वेगळी नोंद नव्हती, धागा हीच नोंद. मग फुलं उमलली की माझं भाकीत खरं ठरलं की खोटं, ते लिहायचं. सोमवारी आणि गुरुवारी मी यायचे. मधल्या दिवसांत मावशींनी राखण करायची आणि धाग्यासकट गळालेलं फूल सापडलं तर कागदाच्या पुडीत ठेवायचं.

त्या धाग्यांवर माझं बरंच काही टांगलेलं होतं. बहार वर्षातून एकदा. माझी शिष्यवृत्ती त्या जूनला संपणार होती. बाबांनी सांगून ठेवलं होतं की या वर्षी प्रबंध मार्गी लागला तर लागला, नाहीतर बी.एड. करून एखादी शाळा धर. एकदा बागेतून सरांशी फोनवर बोलताना मी म्हणाले होते की भाकीत चुकलं तर सगळं सालच वाया जाईल. मावशी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

फुलं उमलायला लागली आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. लाल धाग्याखाली सुरई, पांढऱ्याखाली घंटा. पुन्हा लाल, पुन्हा सुरई. शेकडोंत चुकलेल्या कळ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. प्रयोगशाळेत तोवर माझी फजितीच चालली होती. डाळिंबाच्या कळीत टॅनिन इतकं की आरएनए काढायला गेलं की नळीत काळ्या चहासारखा रंग उतरायचा आणि हाती काहीच लागायचं नाही. सगळे मला हसत. आणि आता हा तक्ता. सरांनी तो दोनदा बघितला आणि स्वतः उठून चहा सांगितला. मी त्या आठवड्यात विभागाच्या व्हरांड्यातून जरा सावकाश चालत होते, म्हणजे कुणाला बोलायचं असेल तर बोलता यावं.

शुक्रवारी कसलीशी सुट्टी निघाली म्हणून मी अवचित बागेत गेले. माझा वार नव्हता. मावशी तिसऱ्या रांगेत, झाडाखाली वाकलेल्या, तोंडात दोन पांढरे धागे. एका कळीचा लाल धागा त्यांनी नखानं सोडवला, तोंडातला पांढरा घेतला, बांधला आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. मी मागं उभी होते. त्यांनी वळून बघितलं, दचकल्या वगैरे अजिबात नाहीत.

"ही गलत निघाली," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून ठिवते."

मी विचारलं की अशा किती दुरुस्त केल्या. त्या म्हणाल्या की मोजल्या नाय, पण रोज बघते, तुझं एक बी चुकू दिलं नाय. त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं होतं. ते मला आजही दिसतं.

मी ओरडले. बागेत दुसऱ्या टोकाला फवारा मारणारा माणूस थांबून बघायला लागला इतकी ओरडले. म्हणाले, "मावशी, तुम्ही माझं वाटोळं केलं. माझी डिग्री गेली तुमच्यामुळं. तुम्हाला कळतं का काही?"

त्या गोंधळल्या. माझ्याकडं बघितलं, हातातल्या लाल धाग्याकडं बघितलं. "शिलाई चुकली तर उसवायची आन नीट मारायची," त्या हळू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला चुकलेलं कशाला दावायचं? तूच सरांना म्हनली, चुकलं तर साल वाया जाईन. म्हनून केलं मी."

चुकणं हेसुद्धा माझ्या कामात जपून ठेवायची वस्तू आहे, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं की ते सांगायची गरजच नसते. त्यांना वाटलं होतं की उसवणं ही विचारून करायची गोष्टच नसते. आम्ही दोघी आपापल्या कामात चोख होतो आणि त्यातूनच हे झालं. पण हे शहाणपण आजचं. त्या दिवशी मी फक्त पिशवी उचलली आणि फाट्यावर चालत गेले.

एसटीत बसल्यावर, पार वेरूळच्या अलीकडं, मला एक गोष्ट आठवली आणि मी सीटवरच सरळ झाले. मावशींनी जिचा धागा बदलला ती कळी उमललेली नव्हती. ती वाटाण्याएवढी, घट्ट मिटलेली होती. वाटाण्याएवढ्या कळीत बाहेरून काही कळत नाही, हे मी स्वतः कळ्या मोजून, कापून, मेणात बसवून बघितलं होतं. मग ही गलत निघाली, हे त्यांना कशावरून कळलं?

सोमवारी मी पुन्हा गेले. ओरडल्याबद्दल माफी मागायची असं ठरवून गेले होते, ती मागितली नाही, कामाचंच बोलले. कुठल्या बदलल्या ते सांगता येईल का, असं विचारलं. मावशी उठल्या आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. माझी गाठ दुहेरी असायची आणि टोक कात्रीनं सरळ कापलेलं. त्यांची एकेरी, शिंप्याची सरकगाठ, टोक दातानं तोडलेलं. त्या गाठ बोटात धरून दाखवत, मी लिहून घेत होते. दोन दिवस आम्ही तेच केलं. पूर्वी त्या सारख्या बोलत असत, आता फक्त "ही" आणि "ही नाय" एवढंच. फडक्यातली भाकरी त्यांनी पुढं केली नाही आणि मला मागायचं धाडस झालं नाही.

गाठींवरून जुना तक्ता परत उभा राहिला आणि तो कुरूप होता. टोकाच्या कळ्यांत फळाची फुलं थोडी जास्त निघाली, पण भाकीत म्हणून त्यात काही दम नव्हता. नाणं उडवून धागे बांधले असते तरी जवळपास तेवढंच जमलं असतं. मी सरांपुढं दोन्ही तक्ते ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी सरकवून बघितले. मग म्हणाले, "यातला कुठला लिहायचा, तू ठरव." मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी हुकूम सोडला असता तर मी रडून का होईना, मोकळी झाले असते.

मी कुरूप तक्ता लिहिला. यात माझा मोठेपणा वगैरे काही नाही. सुंदर तक्त्यातल्या प्रत्येक लाल धाग्याला मला ती दातानं तोडलेली टोकं दिसायला लागली होती, दुसरं काय. बाबांना एक वर्ष आणखी मागून घेतलं, ते कसं मागितलं ते इथं लिहीत नाही. पुढच्या बहाराला सरांनी दौलताबादजवळची दुसरी बाग बघून दिली. तिथं राखणीला कुणी नव्हतं. मी जागेचा नाद सोडून वेगवेगळ्या आकाराच्या कळ्या कापत बसले आणि एवढं दाखवता आलं की वाटाण्याएवढ्या कळीत पोटातली बीजकं काहींची वाढत असतात, काहींची थांबलेली असतात. म्हणजे आतलं ठरलेलं असतं. बाहेरून ते दिसत नाही, असं मी प्रबंधात लिहिलं. देवगावची ती मिटलेली कळी मी नंतर मुद्दाम पाहिली होती, ती नरच निघाली. पण एका कळीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यात सर आहेत, नाना आहेत, आई-बाबा आहेत. खाली "बागेतील सर्व मजूर" असा एक शब्दसमूह आहे. जैतूनबी त्यात आल्या, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

एवढी वर्षं मला दोन्हीकडून बोलता येतं आणि कुठल्याही बाजूला पाय टेकत नाही. कधी वाटतं, त्यांनी खोटेपणा केला. कधी वाटतं, खरं भाकीत करणारी त्या बागेत एकच बाई होती आणि तिचे धागे मी पुसून टाकले. माझ्या गाठी त्यांच्याकडून बदलल्या गेल्या म्हणून मी आकांत केला, पण त्यांच्या गाठींचा वेगळा तक्ता करावा हे मला सुचलं नाही. त्या उमलायच्या आधी ओळखत होत्या की उमलल्यावर दुरुस्त करत होत्या? मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. की त्या बुडाशी बोट फिरवून बघत होत्या? शिवणाऱ्या बोटांना कापडाचा तिरपेपणा कळतो, तसं काही? माझ्याकडं संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, मग जाऊन विचारा ना. मी म्हणाले, जाऊ या. आणि टाळलं. हे तीन वर्षं चाललं.

काकूंच्या प्रश्नानं मात्र मला बसू दिलं नाही. गेल्या रविवारी मी गाडी काढली आणि देवगावला गेले. वाटेत प्रश्न नीट जुळवला होता. कुठल्या आकाराला ओळखता, कळीच्या कुठल्या बाजूला बघता, बोट लावता की नुसती नजर. वहीसुद्धा घेतली होती. नाना आता नाहीत, बाग काढून त्यांच्या मुलानं तिथं आल्याचं पीक लावलंय. गावात विचारत गेले तर जैतूनबींचं घर लगेच सापडलं. त्या दारातच उन्हाला बसल्या होत्या. यंत्रावर सून होती. मावशींच्या डोळ्यांवर आता जाड चष्मा आहे आणि मान थोडी हलते.

मी समोर उभी राहिले आणि नाव सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चष्मा नाकावर सरकवून माझ्याकडं बघितलं, केस, पर्स, पायातली चप्पल, सगळं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ते तुझं काय झालं मग? पास झाली का तू?"

बारा वर्षं. माझ्या दारावर डॉक्टर लिहिलेली पाटी लागून दहा वर्षं झाली होती. दीड तासाच्या वाटेवर एक बाई, आपण एका पोरीचं वाटोळं केलं असं धरून बसली होती, आणि ते तसं झालं नाही एवढं सांगायला मला यायचं सुचलं नव्हतं. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं आणि ते आवरत नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली. त्यांना ते दिसलं नसावं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पुन्हा विचारलं.

"झाले, मावशी," मी म्हणाले. "कधीच झाले."

"व्हय?"

"व्हय."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मान वळवून आत यंत्रापाशी बसलेल्या सुनेला हाक मारली. सुनेला मी कोण, कशात पास, काहीच माहीत नव्हतं. ती पाय थांबवून आमच्याकडं बघत राहिली.

"चाय रख बहू," जैतूनबी म्हणाल्या. "शक्कर जरा ज्यादा डाल. छोकरी पास हो गई."